फुलांचा युनिफॉर्म

मी तसा भांडखोर माणूस नाही. सोसायटीच्या सभेत मी हात वर करतो तो फक्त 'माझा चहा बिनसाखरेचा' हे सांगायला. रिक्षावाला 'सुटे नाहीत' म्हणाला की मीच ओशाळतो. असा हा गरीब प्राणी आज चारचौघांत भांडायला उभा राहिला आहे, आणि तोही लग्नातल्या फुलांवरून, हे वाचून कुणाला हसू येत असेल तर त्यांनी खुशाल हसून घ्यावं. ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे ते हसणार नाहीत.

आता फुलांशी माझं काय वाकडं? काहीच नाही. माझं भांडण आहे ते लग्नातली यच्चयावत फुलं एकाच जातीची आणि एकाच रंगाची असली पाहिजेत, या नव्या धर्मशास्त्राशी. नवरीच्या केसांत जे फूल तेच नवऱ्याच्या कोटावर, तेच हारात, तेच स्टेजच्या पाठीमागच्या भिंतीवर, तेच जेवणाच्या टेबलावर आणि (खोटं वाटेल, पण मी स्वतः पाहिलं आहे) तेच हात धुवायच्या बेसिनवर. आमच्याकडे ते फूल गुलाब होतं आणि रंग पीच.

आमच्या जुईचं लग्न २०२४ च्या डिसेंबरात ठाण्याला झालं. त्याच्या आधी पाच महिने एक तरुण आमच्या घरी आला. मी त्याला मांडववाला समजून "बसा मांडववाले" म्हटलं, तेव्हा हिने मला स्वयंपाकघरात बोलावून चिमटा काढला. तो डेकोरेटर होता. त्याच्या काखेत टॅब्लेट होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला,

"काका, तुमचं पॅलेट काय आहे?"

"प्लेट ना? साडेसातशेची सांगितली आहे," मी म्हणालो, "पण ते केटररशी बोला, तो रविवारी येणार आहे."

जुईने डोळे मिटून घेतले. पॅलेट म्हणजे रंगसंगती हे मला नंतर समजलं. मग त्याने टॅब्लेटवर एक फिकट रंग दाखवला. नारिंगी म्हणावा तर आजारी पडलेला, गुलाबी म्हणावा तर उन्हात बसून आलेला. "हा पीच," तो म्हणाला.

"म्हणजे अबोली," मी म्हणालो.

"अबोली कोण? करवली का?"

वाचकहो, इथे माझ्या मनात पहिली ठिणगी पडली. जो रंग आमच्या आज्यांनी, आत्यांनी जन्मभर 'अबोली' म्हणून नेसला, साडीच्या दुकानात "जरा अबोलीतलं दाखवा हो" असं म्हणून ज्याच्या घड्या मोडायला लावल्या, ज्या रंगाच्या रिक्षा महाराष्ट्र शासनाने २०१६ साली खास बायकांच्या परवान्यांसाठी ठरवल्या, तो शब्द या मुलाला माहीत नव्हता. शासनाला जे माहीत असतं ते जनतेला माहीत नसण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. एका बाजूला आपल्या अंगणातलं फूल, दुसऱ्या बाजूला हिमाचलात जिला आडू म्हणतात ते फळ. आणि आपण रंगाचं नाव ठेवलं ते फळाचं, तेही इंग्रजीत.

"पण पीचच का?" मी विचारलं.

"काका, तो कलर ऑफ द इयर आहे ना!"

मग मी चौकशी केली. अमेरिकेत पॅन्टोन नावाची एक कंपनी आहे. जगातल्या रंगांना नंबर देणं हा तिचा धंदा. ही कंपनी २००० सालापासून दर वर्षी एका रंगाला 'वर्षाचा रंग' म्हणून जाहीर करते. २०२४ चा मान 'पीच फझ' या रंगाला मिळाला. नंबर १३-१०२३. म्हणजे माझ्या मुलीच्या लग्नातल्या फुलांचा रंग तिच्या आईने, मावशीने किंवा गेला बाजार सासूने न ठरवता अमेरिकेतल्या एका कमिटीने ठरवला होता. गंमत अशी, की ही कंपनी पुढच्या वर्षाचा रंग डिसेंबरातच जाहीर करते, आणि २०२५ चा रंग निघाला 'मोका मूस', म्हणजे कॉफीचा. मुहूर्त महिनाभर पुढे गेला असता तर आमच्या जावयाच्या गळ्यात कॉफीच्या रंगाचा हार पडला असता.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? नवरात्रात वर्तमानपत्रं नऊ रंग जाहीर करतात आणि अख्खी लोकल एका रंगाची होऊन धावते. कबूल. पण आपल्याकडे वर्षाचा रंग त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. दर वर्षी संक्रांत कुठल्या रंगाचं वस्त्र नेसून आली आहे हे पंचांगात छापलेलं असतं, आणि रिवाज असा, की तो रंग त्या वर्षी वापरायचा नाही. मला हा रिवाज जास्त शहाणपणाचा वाटतो. एक रंग वर्ज्य केला की बाकीचे सगळे मोकळे राहतात. एक रंग सक्तीचा केला की बाकीचे सगळे वर्ज्य होतात.

आणि झालंही तसंच. पीच एकदा गादीवर बसल्यावर बाकीच्या रंगांवर संक्रांत आली. घरच्या मंडळींसाठी फर्मान निघालं: पीच, क्रीम किंवा पेस्टल. हिची जांभळी पैठणी सकाळच्या विधींपुरती हद्दपार झाली. आमच्या मेव्हण्याला पीच फेटा बांधला तेव्हा तो फेटा कुठे संपतो आणि टक्कल कुठे सुरू होतं ते कळेना. अष्टपुत्रीचा पिवळा रंग पॅलेटमध्ये बसत नव्हता. डेकोरेटरने गुरुजींना अदबीने विचारलं, "गुरुजी, हा यलो थोडा डाउन करता येईल का?" गुरुजी पंचवीस वर्षं ठाण्यात लग्नं लावताहेत. ते म्हणाले, "अहो, हळद आहे ती. ती फक्त चढते."

गुलाबांची निवड हे एक स्वतंत्र पुराण आहे. आधी त्याने 'ज्युलिएट' नावाचा गुलाब दाखवला. इंग्लंडातल्या डेव्हिड ऑस्टिन यांच्या नर्सरीने पंधरा वर्षं खपून तो तयार केला आणि २००६ साली चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात मांडला. त्याला तिकडे तीस लाख पौंडांचा गुलाब म्हणतात. आता, ज्युलिएटच्या लग्नाचं पुढे काय झालं हे शाळेत इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते नाव लग्नात कशाला, असं मी म्हटलं. खरं कारण पौंड हे होतं, पण अपशकुनाचा मुद्दा लागू पडला. मग मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब ठरले. ठाण्याहून तळेगाव जवळ, माल ताजा, वगैरे. या गुलाबवाल्या शेतकऱ्यांशी माझं काहीही भांडण नाही. कर्ज काढून, प्लॅस्टिकच्या छपराखाली, पावसाशी आणि किडीशी झगडून ते एकसारखी फुलं पिकवतात, व्हॅलेंटाइनला परदेशी पाठवतात. त्यांनी चार पैसे मिळवावेत. माझं म्हणणं एवढंच, की ती फुलं पाहून मला लग्नघरात आल्यासारखं न वाटता शाळेच्या कवायतीला आल्यासारखं वाटलं. सगळी एका उंचीची, एका मापाची, मान ताठ. आता 'दहिने मूड' कोण म्हणतो याची वाट पाहत असल्यासारखी.

मी एका फुलाला नाक लावलं. फ्रिजचा वास आला. तो त्याचा दोष नव्हे. जास्त दिवस टिकावीत आणि लांबचा प्रवास सोसावा म्हणून ही फुलं निवडत निवडत वाढवली, त्यात वास मागे पडला. आणि कापल्यापासून ती दोन-चार अंशांच्या थंडीत ठेवलेली. माणूसही चार दिवस शीतपेटीत ठेवला तर त्याच्यात कितीसं सौरभ उरेल? पण ज्या फुलाच्या नावाने गुलाबपाणी आणि गुलकंद झाला, त्याच्या हजारो प्रती एका हॉलमध्ये मांडून तिथे अखेर स्प्रे मारावा लागतो, याला काय म्हणावं?

आता तुम्ही मला पकडाल. "तुमच्या लग्नात काय मोठी अभिरुची ऊतू चालली होती?" मुळीच नाही. माझं लग्न १९९० साली झालं. पाठीमागे थर्माकोलच्या मोराची चोच एका बाजूला झुकली होती. त्याच्याखाली आमची नावं चमकीत लिहिलेली, त्यातला माझ्या नावाचा काना सीमांतपूजनालाच गळून पडला. राजाराणीच्या दोन लाल मखमली खुर्च्या होत्या, ज्यांवर निम्म्या ठाण्याने संसार सुरू केला असावा. गुलाब-निशिगंधाच्या हारातून पाणी ठिबकून माझ्या टेरिवूलच्या सुटावर आफ्रिकेचा नकाशा उमटला होता. झेंडू, शेवंती, अॅस्टर, ग्लॅडिओलस, आणि प्रत्येक गुच्छाला चंदेरी कागद! रंगांची अशी हाणामारी, की डेकोरेटरने पाहिली असती तर त्याला कांदा हुंगवावा लागला असता.

पण त्या हाणामारीतलं एकेक फूल कुणाचं होतं ते मला आज चौतीस वर्षांनंतर सांगता येतं. तोरणाचा झेंडू वडिलांनी भल्या पहाटे दादरच्या फुलबाजारातून दोन पिशव्यांत आणला होता, आणि लोकलमध्ये त्यावर एक गृहस्थ बसले होते. सोनचाफा वसईहून मामांच्या मित्राने पाठवला होता; फक्त एकवीस फुलं, ओल्या फडक्यात. मुंडावळ्या आदल्या रात्री गॅलरीत शेजारच्या काकूंनी ओवल्या, आणि ओवता ओवता त्यांचं आणि माझ्या मावशीचं भांडण झालं म्हणून उजवी बाजू डावीपेक्षा चार बोटं लांब राहिली. फोटोत ती अजून दिसते. दारात गुलाबदाणी घेऊन चुलतभाऊ उभा होता. तो पुरुषांना एकेक गुलाब देई. बायकांना हळदीकुंकू आणि गजरा मिळे. तो गजरा घरी जाई, रात्री उशाशी वास देई, आणि सकाळी तुळशीत पडे. म्हणजे लग्नातली फुलं एका हातातून दुसऱ्या हातात फिरत. त्यांना काम असे. स्टेजवर जी उरत ती बिचारी ज्यांना दुसरं काम नाही अशी.

आता उलटं झालं आहे. आता सगळी फुलं भिंतीवर असतात आणि पाहुण्यांनी त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायचा. फुलाला हात लावायचा नाही. एका पाहुण्यांच्या नातीने भिंतीतलं एक फूल उपटलं, तर डेकोरेटरचा माणूस बँकेवर दरोडा पडल्यासारखा धावत आला. तो गेल्यावर मी ते भोक वाकून पाहिलं. फुलाच्या मागे हिरवा स्पंज होता. हा स्पंज १९५४ साली अमेरिकेत निघाला. दिसायला शेवाळासारखा, पण जातीचा प्लॅस्टिक. तो कुजत नाही, नुसता चुरा होऊन मातीत आणि पाण्यात जातो. ज्या चेल्सीच्या प्रदर्शनात ती ज्युलिएट जन्माला आली, तिथे २०२१ पासून हा स्पंज वापरायला बंदी आहे. ज्यांनी आपल्याला हा थाट शिकवला त्यांनी तो सोडला, आणि आपण मात्र हात धुवायच्या बेसिनपर्यंत नेला! आपल्याकडे सुकलेल्या फुलालाही एक नाव आहे, एक मान आहे. त्याला निर्माल्य म्हणतात. ते पायदळी तुडवत नाहीत, झाडाच्या मुळाशी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलचा हिशेब करायला मी गेलो, तेव्हा ते चार हजार गुलाब स्पंजासकट काळ्या पिशव्यांत भरले जात होते. त्यांना निर्माल्य म्हणायला माझी जीभ रेटेना.

काही माझे मित्र म्हणतात, तुला परदेशी म्हटलं की पोटात दुखतं. साफ खोटं. झेंडू मेक्सिकोकडचा, निशिगंधही तिकडचाच. दोघेही इथे आले, घरचे झाले. आज झेंडूवाचून दसरा होत नाही. उद्या पीच गुलाबही खुशाल येवो. पंडित नेहरूंच्या अचकनीवर एक गुलाब असे, पण त्यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाला तो सक्तीचा केल्याचं ऐकिवात नाही. माझी हरकत त्या सक्तीला आहे. आणि ती सक्ती माझ्या घरात कुणाला टोचली ते आता सांगतो, कारण हा सगळा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

माझी आत्या सावंतवाडीला असते. वय चौऱ्याऐंशी. लग्नाच्या दिवशी ती कोकणकन्येने पहाटे ठाण्याला उतरली आणि स्टेशनावरून रिक्षा करून थेट हॉलवर आली. रिक्षा नेमकी अबोली निघाली, चालवणारी बाई. आत्याच्या एका हातात तिची वळकटी आणि दुसऱ्या हातात केळीच्या पानांत बांधलेला एक मोठा पुडा. पुड्यात तिने स्वतः परसातल्या फुलांचे ओवलेले अबोलीचे वळेसर. मोजून पंचवीस. "येतील त्या बायकांक एकेक," ती म्हणाली.

मेकअपच्या खोलीबाहेर डेकोरेटरच्या हाताखालच्या मुलीने पुडा उघडून पाहिला. मुलगी गोड होती, बोललीही गोड. "आजी, खूपच क्यूट आहेत, पण फोटोत पॅच येईल ना! सगळीकडे रोझेस आहेत."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. आणि सभेत बिनसाखरेच्या चहासाठी हात वर करणारा मी काय म्हणालो? "राहू दे आत्या, संध्याकाळी बघू." पुडा रुखवताच्या टेबलाखाली, रिकाम्या खोक्यांच्या मागे गेला. आत्या एका खुर्चीवर जाऊन बसली. समोरच ती भिंत होती. तिने बराच वेळ ती भिंत न्याहाळली, मग मला खुणेने जवळ बोलावून म्हणाली,

"रे, ह्यो तर अबोलीचो रंग!"

"हो."

"मगे गुलाब कित्याक रंगवले?"

मी तिला ते रंगवलेले नाहीत हे समजावून सांगितलं. ती उठली, भिंतीजवळ गेली, नाक लावलं आणि परत आली. "हेका वास खंय आसा? अबोलीक नाय तो नाय, पण ती बिचारी नावातच सांगता."

रात्रीच्या रिसेप्शनला साडेआठच्या सुमारास व्हायचं ते झालं. फिकट पाकळीवर बोट लागलं तरी डाग पडतो. त्यात स्टेजवरचे दिवे, मिठ्या मारणाऱ्या मैत्रिणी आणि तीन तास. जुईच्या अंबाड्यातले गुलाब कडेने तपकिरी पडले. चहाच्या कपात बिस्कीट बुडवल्यासारखे दिसू लागले. राखीव गुलाब शोधायला माणसं धावली. ते केकच्या टेबलावर खर्ची पडले होते. व्याही मंडळींची फोटोची रांग खोळंबली. कुणीतरी म्हणालं, भिंतीतले काढा. डेकोरेटर भिंतीपुढे हात पसरून उभा राहिला.

आत्या कधी उठली ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा ती स्टेजच्या पायऱ्या चढत होती, हिचा हात धरून, आणि केळीचं पान उघडत होती. पहाटेपासून टेबलाखाली पडलेली अबोली जशी ओवली तशी होती. तिने गुलाब उपसून काढले, वळेसर अंबाड्याभोवती फिरवला, खोवला आणि जुईच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. फोटोग्राफर ओरडला, "वाव, परफेक्ट मॅच!"

मग काय विचारता! जुईच्या सासूबाईंनी एक मागितला. त्यांच्या जावांनी मागितले. नऊ वाजेपर्यंत पंचवीसमधले चोवीस वळेसर हॉलभर फिरत होते, आणि हिने कुणाला न विचारता जांभळी पैठणी नेसून आल्याचं माझ्या तेव्हा लक्षात आलं.

जेवणं चालू असताना डेकोरेटर आत्याच्या खुर्चीशी आला. टॅब्लेट उघडून, गुडघ्यावर बसून त्याने अदबीने विचारलं, "आजी, ही फुलं कुठल्या फार्मची? हंड्रेड स्टेम्सचा रेट काय असेल?"

"काय म्हणता रे हो?" आत्याने मला विचारलं.

"फुलं केवढ्याला विचारतोय."

"इकूक नाय हाडलंय म्हणान सांग तेका." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बायल आसा मा रे घरात?"

त्याने मान हलवली. आत्याने पुड्यात चाचपून शेवटचा वळेसर काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्या मुलाने टॅब्लेट काखेत मारला, आणि तो कसा घ्यायचा ते न कळून दोन्ही हातांची ओंजळ केली.